चिंबुली

तो आला तेव्हा खापरपणजा
थापटण्यानं रांजण ठोकत होता.
(खापरपणजा. कुंभाराच्या घरात
हा शब्द जरा जास्तच शोभतो.)

सटवाजी देवडे, कंधारच्या तहसिलीत नकलनवीस.
आईबाप एकाच पटकीत गेलेले.
मोडी शिकला देवळाच्या ओट्यावर,
फारसी काझींच्या घरी, पाणी भरून.
दिवसभर सरकारी हुकूम उतरवायचा
आणि सुट्टीला पायी निघायचा,
काखेत बाड, कमरेला दौत.

आधी तो पाला गोळा करायचा म्हणे.
आघाडा, कुर्डू, चिघळ, पाथरी
हिशेबाच्या जुन्या वहीत दाबून वाळवायचा,
खाली नाव लिहायचा.
पण लोह्याला जे नाव, ते मुखेडला नाही,
देगलूरच्या अंगाला तर तेच पान
निम्मं तेलुगू बोलायचं.
पुढं पानं चुरा होऊन गळाली वहीतून,
नावं राहिली.

बारूळला आमच्या अंगणात तो चार दिवस बसला.
ह्याला काय म्हणता? आन् त्याला?
फिरतं ते चाक. चाकाखाली आर.
आतून धरायचा तो गुंडा, भाजायचा तो आवा.
माती सुकत चाललेली
आणि ह्याचं विचारणं सरंना.
तिसऱ्या दिवशी, दिवस कासराभर वर आल्यावर,
त्यानं ओल्या मडक्याच्या बुडाशी बोट नेलं.
उचलताना अंगठा रुततो, तिथला खळगा.
ह्याला?

त्याला नाव नव्हतं. कधी लागलंच नव्हतं.
गिरमाजीनं हात न थांबवता सांगितलं,
चिंबुली.
थापा मारणं आमचा धंदाच.
पोरं तोंडावर हात धरून हसली.
देवड्यानं टाक दौतीत बुडवला.

असं तेवीस वर्षं.
लग्न नाही, भाड्याची खोली,
तहसीलदार त्याला शब्दखुळा म्हणायचा.
पुण्याकडच्या एका छापखान्यानं बाड परत धाडलं:
भाषा अशिष्ट आहे, शुद्ध करून आणावी.
त्याच्या उत्तराची नक्कल बाडातच आहे,
नकलनवीसच तो:
'कामून हे का म्हणून याचेच रूप.
येता जाता झिजले, उंबऱ्यासारखे.
झिजला म्हणून उंबरा कोणी अशुद्ध म्हणत नाही.'
उत्तराला उत्तर आलं नाही.
मेला तेव्हा खोलीत निघालं
अकरा हजार शब्द, एक कांबळं,
आणि दुरुस्तीला टाकायचा राहिलेला जोडा.

आता ते बाड नांदेडला, एका कॉलेजच्या कपाटात.
मी तिथं टाकीचा कॉक बदलायला गेलो होतो.
बारूळचा म्हटल्यावर मॅडमनी हाक मारली.
मोडी मला येत नाही, त्यांनी वाचून दाखवलं:
'चिंबुली. ओले भांडे उचलताना पडणारा खळगा.
बारूळ. सांगणार गिरमाजी कुंभार.'
आणि खाली, बारीक अक्षरात:
'शेजारच्या चार गावी हा शब्द कोणास ठाऊक नाही.
सांगणार गालात हसत होता.
तरी असू द्यावा. वस्तूस नाव नव्हते.'

मी हसायला लागलो,
आणि पाना हातात तसाच राहिला.
कारण आमच्यात चिंबुली रोज चालते.
पोरीच्या गालाला पडते ती चिंबुली.
उशीला डोक्याची.
ओल्या सिमेंटवरून कुत्रं गेलं, चार चिंबुल्या.
बहीण दिली त्या पेठवडजलाही
तिच्या सासरचे आता असंच म्हणतात.
गाढवं विकली, चाक मोडलं,
आवा विझून साठ वर्षं झाली.
आर, गुंडा, सगळं मी मॅडमकडूनच ऐकलं,
अर्थ विचारून घेतला.
थाप तेवढी घरात राहिली.

मॅडम म्हणाल्या,
शब्दकोशात मिळत नाही हो कुठंच.
खरंच आहे का हा शब्द?

मी कॉक आवळला. पाणी थेंबथेंब होतं, थांबलं.
म्हटलं, हाव.
आहे की.